आरशातला दिवा

दिघंचीतून आठ मोटारसायकली निघाल्या आणि आटपाडीत चहाच्या टपरीसमोर सातच लागल्या. मधला डांबरी रस्ता सोडून आम्ही हौसेनं माळावरची गाडीवाट धरली होती. फुफाटा इतका की पुढच्याची पाठ दिसेना. प्रत्येकाला वाटलं, आठवा आपल्या पुढे असेल. पुढच्यांना वाटलं, मागे असेल. तो मात्र एका तिकटीपाशी मागच्या चाकात बाभळीचा काटा घेऊन बसला होता. पंपही आमच्याकडे आणि पान्हेही आमच्याकडेच. मोबाईलला रेंज नाही. आम्ही परत पोचेपर्यंत दीड तास गेला. तोवर एका मेंढपाळानं त्याला आपल्या कळशीतलं पाणी पाजलं होतं. गडी रागावला नव्हता, फक्त संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलला नाही.

त्या दीड तासाला दहा वर्षं होत आली. तेव्हापासून नव्या मंडळींना गाडी कुठली घ्यावी हे मी सांगत नाही, आरसा कसा वापरावा ते आधी सांगतो. नियम साधा आहे: आपल्या मागच्याची जबाबदारी आपली. आरशात त्याचा दिवा दिसतोय तोवर चालायचं. दिसेनासा झाला की वेग कमी करायचा, तरी दिसला नाही तर थांबायचं. तुम्ही थांबलात की तुमचा दिवा पुढच्याच्या आरशातून जातो आणि तोही थांबतो. अशी थांबण्याची साखळी आपोआप म्होरक्यापर्यंत पोचते. ना वॉकीटॉकी लागतो, ना रेंज. मात्र दिवसाही हेडलाइट चालू हवा. नव्या गाड्यांचा तो चालूच राहतो, जुन्या गाडीवाल्यानं आठवणीनं लावायचा. दुसरा नियम याच्याच पोटातला: वळण घेतलं की मागचा येऊन ते वळण पाहीपर्यंत तिथून हलायचं नाही. म्होरक्या पुढे गेला तरी जाऊ दे, पुढच्या तिकटीवर तुमच्यासाठी कुणीतरी थांबलेला असणारच आहे.

हे सगळं लिहायला निमित्त आहे ते आफ्रिकेचं. गेल्या काही वर्षांत साताऱ्या-सांगलीकडच्या पोरांच्या बोलण्यात लडाखच्या जागी नामिबिया आणि केनिया यायला लागलंय. चांगलंच आहे. पण ज्याला आठ जणांची टोळी घेऊन ओसाड मुलखातून आठवडाभर जायचंय, त्यानं आधी तीन दिवस माणदेशात काढावेत, असं माझं मत आहे. माणदेश हे वाळवंट नव्हे, हे मान्य. पण ज्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्याला पाचशेच्या आसपासवर भागवावं लागतं. उघडा माळ, मुरूम, फुफाटा, काटे, ऊन आणि दोन वस्त्यांमधलं अंतर एवढा अभ्यासक्रम इथे घरबसल्या मिळतो. नापास झालात तर संध्याकाळी घरी परत येता येतं, ही सवलत तिकडे नाही.

रस्ता असा आखा. पहिल्या दिवशी सातारा, कोरेगाव, वर्धनगडचा घाट, पुसेगाव, दहिवडी, गोंदवले, म्हसवड, दिघंची, आटपाडी. डांबरानं गेलात तर सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर. तेवढं तर दुपारपर्यंत उरकेल, असं वाटेल. उरकू नका. म्हसवडच्या पुढे राजेवाडीचा इंग्रजी अमदानीतला तलाव आहे. त्याच्या आसपास डांबर सोडायचं आणि गाडीवाटांनी आटपाडी गाठायची. दुसऱ्या दिवशी आटपाडी, खरसुंडी, मग नागज फाट्यावरून जत. तिसऱ्या दिवशी जतच्या पूर्वेला माडग्याळ, उमदीकडे जाऊन यायचं आणि कवठेमहांकाळ, मिरजेवरून सांगलीत उतरायचं. नकाशात हा सगळा पट्टा विणलेल्या जाळ्यासारखा दिसतो. त्यातल्या कुठल्या रेघेवर खडी आहे, कुठली रेघ ओढ्यात उतरते आणि कुठली एखाद्याच्या डाळिंबाच्या बागेत संपते, हे नकाशा सांगत नाही. पारावर बसलेला म्हातारा सांगतो. गाडी बंद करून, हेल्मेट काढून, ‘राम राम’ म्हणून विचारलं तर शेवटपर्यंत सांगतो. गाडीवरूनच काच वर करून विचारलं तर ‘जावा सरळ’ म्हणतो. सरळ गेलात की बागेतच.

दिवस डिसेंबर-जानेवारीचे निवडा. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, जाड जॅकेट घालून मुरुमावर गाडी ढकलणाऱ्याला उष्माघात व्हायला वेळ लागत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर दिसायला छान, पण या भागाचा निम्मा भरवसा परतीच्या पावसावर असतो आणि तो आला की वळवासारखा कोसळतो. सकाळी कोरडा ओलांडलेला ओढा संध्याकाळी फरशी पुलावरून वाहतो. फरशीवर पाणी असेल आणि तळ दिसत नसेल तर थांबा, मग सोबतचा कुणी काहीही म्हणो. काळ्या रानातली वाट भिजली तर चिखल मडगार्डमध्ये असा बसतो की चाक फिरत नाही. हातानं, काटकीनं खरवडत दोनशे मीटर जायला तास लागतो.

हिवाळ्यातही दोन गोष्टी पंचांगात बघा. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला म्हसवडला सिद्धनाथाचा रथ असतो आणि मार्गशीर्ष वद्य दशमीला पुसेगावला सेवागिरी महाराजांचा. त्या दिवशी गाडी घेऊन गावातून जायचं म्हटलं तर जमणार नाही. एक तर यात्रेलाच जा, नाहीतर तारीख बदला.

आणि हिवाळा म्हणजे उसाचा हंगाम. माझ्या लेखी या सगळ्या सफरीतली सर्वांत धोक्याची जागा माळावर नाहीच, ती परतीच्या वाटेवर बागायती पट्ट्यात आहे. तिन्हीसांजेची वेळ, ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर आलेला, मागे ना दिवा ना रेडियम. तीन दिवस मोकळ्या माळावर हात सैल झालेला असतो, घर जवळ आलेलं असतं आणि अंधारात उसाची वाढी हेल्मेटला लागेपर्यंत ट्रॉली दिसत नाही. म्हणून शेवटच्या दिवशी पाचच्या आत सांगलीत, असा शब्द आधीच घेऊन ठेवा. उमदी राहिली तरी चालेल.

टोळी सहा ते आठ जणांची बरी. बारा झाले तर दोन टोळ्या करा, दोन म्होरके, दोन शेपटं. शेपूट म्हणजे सगळ्यांत मागचा स्वार, त्याला हल्ली स्वीप म्हणतात. पुष्कळ ठिकाणी ज्याची गाडी रडतखडत चालते त्याला मागे ठेवतात. हे उलटं आहे. मागे तो हवा ज्याला पंक्चर काढता येतं, चेन जोडता येते आणि ज्याला पुढे जायची हाव नाही. हत्यारं, पंप आणि औषधांची पेटी त्याच्यापाशी. आमची चूक नेमकी हीच होती, हत्यारांचं गाठोडं म्होरक्याच्या गाडीला बांधलं होतं. सर्वांत नवखा म्होरक्याच्या लगेच मागे. वेग त्याचा, म्होरक्याचा नव्हे. म्होरक्यानं आरशात बघून त्याच्या वेगानं जायचं असतं, हे कितीही सांगितलं तरी पहिल्या दिवशी कुणी पाळत नाही. दुसऱ्या दिवशी पाळतात.

फुफाट्यात अंतर किती ठेवायचं, असं विचारतात. डांबरावर दोन-तीन सेकंदांचं पुरतं. मातीच्या वाटेवर पुढच्याची धूळ बसेपर्यंत, मग ते शंभर मीटर होवो की तीनशे. वारा आडवा असेल तर तो ज्या बाजूनं येतो ती बाजू धरली की समोरचं स्वच्छ दिसतं. मागच्याचा दिवा धुळीत बुडाला तर सरळ रस्त्यावर जरा दम धरा, वळणावर मात्र पूर्ण थांबा.

आता वारीचं सांगतो, कारण हजारो माणसं शिस्तीनं चालवायची कशी, हे आपल्याकडे फार आधी सुटलेलं कोडं आहे. माउलींची पालखी आपल्याच सातारा जिल्ह्यातून, लोणंद-फलटणवरून जाते. दिंड्यांचा क्रम ठरलेला, रथापुढच्या रथापुढे आणि मागच्या मागे. मुक्कामावर समाजआरतीला चोपदारानं चोप उंचावला की सगळे टाळ थांबतात. फक्त जिची काही तक्रार आहे ती दिंडी टाळ वाजवत राहते आणि तिचं ऐकून घेतल्याशिवाय पुढचं होत नाही. मला ही रीत अफाट वाटते. आम्ही ती उचलली आहे. रोज संध्याकाळी जेवणाआधी दहा मिनिटं सगळे बसतात, ज्याला काही खुपलंय त्यानं तिथेच बोलायचं. कुणी ओव्हरटेक केलं, कुणी रीलसाठी रस्त्याच्या मधोमध थांबलं, कुणाची कॉन्ट्री राहिली. तिथे न बोललेलं मग सांगलीत पोचल्यावरही काढायचं नाही. टोळ्या फुटतात त्या गाडी बिघडल्यामुळे क्वचितच. दुसऱ्या दिवशी दुपारी, भूक लागलेली असताना, कालच्या न बोललेल्या गोष्टीवरून फुटतात.

गाडीबद्दल थोडंच. महागडी ॲडव्हेंचर गाडी हवीच असं नाही. पेट्रोलचं गणित करून बघा. स्प्लेंडरची टाकी जेमतेम दहा लिटरची, पण साठच्या ॲव्हरेजनं तिचा पल्ला साडेपाचशेच्या पुढे जातो. चौदा-पंधरा लिटरची मोठी गाडी अठ्ठावीसनं चालली तर चारशेच्या आसपास दमते. टोळीचा पल्ला सगळ्यांत मोठ्या टाकीवर ठरत नाही, सगळ्यांत कमी पल्ल्याच्या गाडीवर ठरतो. त्यातूनही माळावर पहिल्या-दुसऱ्या गिअरात ॲव्हरेज पाव हिश्शानं घसरतं हे धरून चाला. माणदेशात तालुक्याच्या गावी पंप आहेत, त्यामुळे इथे कुणी अडत नाही. पण जत सोडून पूर्वेला निघताना टाक्या भरून घ्यायची सवय लावा. आफ्रिकेत पंपाची पाटी असते, मशीनही असतं, पेट्रोल असेलच असं नाही.

काट्यांचं तेवढं मनावर घ्या. गावठी बाभळीचा काटा लांब आणि सरळ, वेड्या बाभळीचा आखूड पण चिवट, टायरमध्ये मोडून राहतो आणि दोन तासांनी काम दाखवतो. ही वेडी बाभूळ मूळची अमेरिका खंडातली. तिनं इथल्या ओढ्यांचे काठ व्यापले, तसेच केनियातल्या बारिंगोचे आणि इथिओपियातल्या अफारचे माळही व्यापलेत. म्हणजे पंक्चर इथे काय आणि तिथे काय, एकाच झाडाचं. ट्यूबलेस टायर असेल तर बत्ती भरायची हत्यारं आणि पंप पुरतात. स्पोकच्या चाकांत बहुधा ट्यूब असते, तिथे टायर उतरवता आला पाहिजे. निघण्याआधी प्रत्येकानं घराच्या अंगणात, यूट्यूब न बघता, मागचं चाक काढून ट्यूब बदलून परत बसवायचं. ज्याला दीड तास लागेल त्याला लाजू द्या. दुसऱ्यांदा चाळीस मिनिटांत होतं. टायरमधून मोडका काटा बोटानं चाचपून काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका, हे कळायला मला दोन ट्यूब लागल्या.

मुरूम आणि वाळूवर टायरची हवा चार-पाच पॉइंटनं उतरवली की पकड वाढते. ट्यूबच्या टायरला त्याहून खाली नेऊ नका, टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा वॉल्व्ह फाटतो. डांबर लागलं की पहिल्याच पंपावर हवा पूर्ववत करा. पायदाणावर उभं राहा, गुडघ्यांनी टाकी धरा, हँडल मात्र सैल. पुढचं चाक वाळूत इकडेतिकडे नाचणारच, त्याला नाचू द्यायचं. हँडल आवळून धरणारा हमखास पडतो. पुढचा ब्रेक नको, नजर चाकापुढे नको, लांब हवी. माणगंगेच्या कोरड्या पात्रात बैलगाडीच्या चाकोऱ्या असतात, तिथे अर्धा दिवस पडून-उठून शिकलात तर बाकीचं सोपं आहे. पवनचक्क्यांकडे जाणारे मुरुमाचे रस्तेही सरावाला झकास, पण ते कंपन्यांचे आणि शेतकऱ्यांच्या रानातून गेलेले. विचारून जा. कालव्याच्या भरावावरून मात्र जाऊ नका. कृष्णेचं पाणी टेंभूहून उचलून या भागात आलं, त्यानं माणदेशाचं रूप पालटलं, पण त्या कालव्यांना कठडे नाहीत.

सोबत क्लच केबल, प्लग, चेनची लिंक, दोन्ही चाकांच्या ट्यूब, एम-सील, तार आणि झिप टाय ठेवा. इंजिनच्या तळाला दगड लागून ऑइल झिरपायला लागलं तर एम-सील जतपर्यंत नक्की नेतं. रोज रात्री नटबोल्ट आवळायचे. पत्र्यासारख्या लाटा पडलेल्या खडीच्या रस्त्यावर दिवसभर गाडी थरथरली की सायलेन्सरचा बोल्ट कधी गळाला ते कळत नाही.

माणशी चार लिटर पाणी, हिवाळ्यातही, आणि जलसंजीवनीची पाकिटं. हेल्मेट आयएसआयचं आणि पट्टा लावलेलं, पायात घोट्याच्या वर येणारे बूट. चपलेवर आलेल्याला साताऱ्यातूनच परत पाठवा, मैत्री तुटत नाही. अपघात झाला तर 108. पडलेल्याचा श्वास चालू असेल तर हेल्मेट उपसून काढू नका, मानेला इजा असू शकते. माळावर मुक्काम केलात तर दगड उलटायचे नाहीत, हा फुरशांचा मुलूख आहे. कुणाला चावलंच तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही न करता त्याला न चालवता सरकारी दवाखाना गाठा. आणि दारू. मुक्कामावर काय करायचं ते करा, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मी म्हणत नाही. सकाळी सहाला निघायचं असतं.

वाटेत मेंढरं भेटतील. हॉर्न वाजवू नका, इंजिन बंद करा, कळप स्वतःच वाट देतो. धनगरांची कुत्री चालत्या गाडीमागे लागतात, थांबलेल्या गाडीला हुंगून जातात. माडग्याळकडे मोठ्या बाकदार नाकाची मेंढरं दिसली की फोटो काढण्याआधी मालकाला विचारा. ती जात प्रसिद्ध आहे आणि तिची किंमत ऐकून तुमच्या गाडीचा तोरा उतरेल. जतच्या पूर्वेला कानडी सुरू होते. नीरु म्हणजे पाणी, दारी म्हणजे रस्ता, एवढ्यावरही लोक हसून मदत करतात. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे, औंध संस्थानानं 1939 साली काढलेली कैद्यांची खुली वसाहत. शांतारामबापूंचा 1957 चा ‘दो आँखें बारह हाथ’ त्यावरूनच सुचला. भिंत नसलेला तुरुंग म्हणून बघायला जाल, पण तिथे माणसं राहतात, कॅमेरा घेऊन घुसू नका.

हे तीन दिवस भांडणाशिवाय पार पडले तर आफ्रिकेचा विषय काढा. तिकडचे रस्तेही बदलत चाललेत. केनियात मार्साबिटहून मोयालेकडे जाणारा रस्ता एकेकाळी शॉक ॲब्सॉर्बर मोडण्याबद्दल बदनाम होता, आज तिथे डांबर आहे. नामिबियात मात्र बहुतेक रस्ते अजून खडी-मुरुमाचेच आणि गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवतात, त्यामुळे पहिल्या खेपेला आपल्या माणसांना तो देश मानवतो. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा लागतो, त्याची मुदत एक वर्ष. स्वतःची गाडी नेणार असाल तर कार्ने नावाचं जकातीचं कागदपत्र आणि त्यापोटी मोठी रक्कम अडकवून ठेवायची तयारी. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी टोचून घ्यायची. केनिया-इथिओपियासारख्या देशांतून भारतात परत येताना तो दाखला विचारतात.

कागदपत्रं आणि पैसे गाडीच्या पेटीत ठेवू नका. मुंबईहून निघून इंग्लंडपर्यंत पोचलेल्या एका मराठी स्वाराची गाडी ऑगस्ट 2025 मध्ये नॉटिंगहॅमला भरदिवसा चोरीला गेली. पासपोर्टही गाडीसोबतच गेला. पुढे त्याला आफ्रिकेतच जायचं होतं. पासपोर्ट अंगावर, त्याची झेरॉक्स शेपटाकडे आणि टोळीच्या खर्चाचे पैसे किमान तिघांत वाटलेले, असं असू द्या.

डाकार रॅलीची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. तिएरी साबीन नावाचा फ्रेंच स्वार 1977 मध्ये लिबियाच्या वाळवंटात मोटारसायकलवर वाट चुकला, कसाबसा वाचला आणि पुढच्याच वर्षीच्या डिसेंबरअखेरीस त्यानं पॅरिस ते डाकार शर्यत सुरू केली. वाट चुकण्यातून एवढं मोठं काही उभं राहिल्याचं उदाहरण विरळा. आपल्या दिघंचीच्या गड्यानं पुढे काही सुरू केलं नाही. तो आता आमचं शेपूट आहे. दर थांब्यावर मोजतो आणि संख्या बरोबर आली की डावा हात वर करतो. तो हात दिसेपर्यंत म्होरक्या गिअर टाकत नाही.

सांगलीत पोचलात की सगळ्यांत आधी एअर फिल्टर काढून बघा. स्पंजचा असेल तर धुऊन, वाळवून, तेल लावून बसवा. कागदाचा असेल तर झटकून भागवू नका, नवा घ्या. मिरजेच्या वेशीपाशी गाडी ओढत नाही म्हणून कार्बुरेटर खोलायला बसलेली माणसं मी बघितली आहेत. आत नुसता फुफाटा होता.